रुमालाखालचा फोटो

२३ फेब्रुवारी, अक्सुअत

काल माझा बेताशार, नवरीचा चेहरा उघडण्याचा विधी, झाला आणि आज मी या घरची सून आहे. वाकून वाकून गुडघे दुखताहेत, बाउरसाकचे पिठाचे गोळे तळताना एक बोट भाजलं, आणि तरी मघापासून मी एकटीच हसते आहे. माझा नवरा, ओलझास, म्हणाला, फोटोवाल्यांची पोरगी ती, खिडकी दिसली की चौकट करून उभी राहते. पण खिडकीच तशी आहे. घर रेल्वेच्या जुन्या विटांचं, भिंती हातभर जाड, आणि बैठकीच्या खोलीला उत्तरेकडे एकच रुंद खिडकी. बाहेर बर्फ, आत मऊ, संथ उजेड. बाबांनी पाहिली असती तर उचलून माहेरी, शियेलीला, आमच्या फोटोच्या दुकानात नेली असती.

कालचं आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत मी त्यात पदरचं काहीतरी घालेन.

मला पांढऱ्या रुमालाखाली बसवलं होतं. रुमाल छातीपर्यंत. तो नवरीने स्वतः उचलायचा नाही, खाली बोलायचंही नाही. डोंब्रा, लांब दांडीचं दोन तारांचं वाद्य, घेऊन एक म्हातारे गवई समोर बसले. ते एकेका नातेवाइकाचं नाव गाणार, मी वाकणार, तो नातेवाईक ताटात चेहरा पाहण्याची भेट टाकणार, आणि शेवटी डोंब्र्याच्या दांडीने रुमाल वर होणार. पण पहिला मान घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा, म्हणजे आजेसासूबाईंचा. त्यांना सगळे आझे म्हणतात. आणि आझे तर न्यूमोनिया होऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात. जाताना त्यांनी हातातलं चांदीचं कडं सासूबाईंकडे, अपांकडे, देऊन ठेवलं होतं: मी चेहरा पाहीन, मगच घाला.

गाणं अडलं. मांस निवायला लागलं. तेव्हा नणंद, कारलिगाश, रुमालाच्या खालून हात घालून आत आली. हातात सासरकडून मला आलेला नवा फोन. म्हणाली, "हलू नकोस वहिनी, एक फोटो."

तो फोटो दवाखान्यात गेला. आझेंनी पाहिला आणि निरोप आला, ही माझी सून, कडं घाला. गवईबुवा कुरकुरले. म्हणाले, चेहऱ्याआधी चेहऱ्याची सावली दाखवलीत, आणि सावलीनेच भेट घेतली. त्यावर अपा म्हणाल्या, मग उद्यापासून चहाही सावलीलाच करायला लावू, तुम्ही गा आता. सगळे हसले. रुमालाखाली मीसुद्धा.

कडं मला फार मोठं आहे. हात खाली केला की निसटतं. अपा म्हणाल्या, बाळंतपणात भरेल हात.

२५ फेब्रुवारी

तो फोटो आज नीट पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं, असं लिहिणार होते; पण ते खरं नाही, मला पाहायचाच होता.

माझ्या डाव्या भुवईत एक आडवी खाच आहे. लहानपणी बाबांच्या फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत औषधाचा ट्रे अंगावर पडला, त्याची. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं. अक्षरं मी त्या दुकानातच शिकले, फोटोंच्या पाठीवरची गिऱ्हाइकांची नावं वाचत. आई बेरीज शिकवायची, बाबा उजेड. बाबांचं म्हणणं, माणसाला देखणा करणं सोपं आहे. त्याच्या आईने न विचारता ओळखलं पाहिजे, ते अवघड.

फोटोत खाच नाही. भुवई अखंड आहे. कातडी सोललेल्या अंड्यासारखी, डोळे जरा मोठे, हनुवटी निमुळती. रुमालाखाली जवळजवळ अंधार होता. फोटोत दुपार आहे. कारलिगाशला दाखवलं तर म्हणाली, फोनला तुझी दया आली गं. मग तिने त्याच फोटोवरून फोनचं कुलूप बसवलं, नव्या आडनावाच्या ओळखपत्रासाठीही तोच पाठवून दिला. मी दुसरा काढूया म्हणेपर्यंत तिचं झालंही होतं.

ओलझास उद्या महिनाभराच्या पाळीवर तेलाच्या विहिरींवर जातो आहे. रडायचं नाही असं ठरवलं आहे.

१ मार्च

आझे आज घरी आल्या. अंगाने पक्ष्याएवढ्या, पण आवाज शाबूत. मी दारात तीनदा वाकले, त्यांचे बूट काढले, चहा ओतला. अर्धीच वाटी, काठोकाठ भरली तर 'पिऊन उठा' असा अर्थ होतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आझेंनी वाटी घेतली नाही. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अपांना विचारलं, ही पोरगी कुणाची? सून कुठे आहे?

अपा हसल्या, म्हणाल्या, हीच की, तोरगिन. आझे म्हणाल्या, मी ज्या चेहऱ्याला कडं दिलं तो हा नव्हे. मला दवाखान्यात नेलं होतं, डोकं काही गेलं नव्हतं माझं.

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. खरं तर त्या बरोबर आहेत. त्यांनी मला पाहिलेलंच नाही.

४ मार्च

म्हणून ठरवलं, आझेंना माझा खरा फोटो दाखवायचा. जुना फोटो आणि नवा शेजारी शेजारी ठेवून सांगायचं, बघा, हीच ती.

हा फोन फोटो काढत नाही, फोटो शिजवतो. एका टिचकीत पुष्कळ चित्रं घेतो, त्यांतलं बरं ते उचलून एकावर एक चढवतो, सावल्या उपसतो, कातडी घोटतो. आधी सौंदर्याची पट्टी शून्यावर आणली. उजेड-अंधार सारखा करणारी सोय बंद केली. तरी तो ऐकेना, तेव्हा एक साधं अॅप उतरवून घेतलं. भिंगातून येतं ते कच्चं चित्र ते तसंच ठेवतं. भिंग ओढणीने पुसलं, ते तर सगळे विसरतातच. झूम नाही. फोन उशांच्या चवडीला टेकवला, मागचा कॅमेरा माझ्याकडे केला, खिडकी डाव्या हाताला घेतली आणि उजवा गाल अंधारात जाऊ दिला. उजेड थोडा कमीच घेतला. बाबा म्हणायचे, पांढरं जळलं की गेलं. काळोखात मात्र काहीतरी उरतं.

आला. दाणेदार, जरा मळकट, नाकाखाली सावली, भुवईत खाच. चेहरा थकलेला आहे, पण माझा आहे. इतका आनंद झाला की बाबांनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं: हात हलला नाही. शाब्बास.

५ मार्च

आझेंना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. माझ्या खऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला मी ओळखते. ही चहा ओतायला येते." मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. "मी हिच्याबद्दल विचारते आहे. हिला का लपवता?"

मी फोन उचलला. भांडी घासली.

८ मार्च

बायकांचा सण, शेजारणी चहाला आल्या. कारलिगाश म्हणाली, वहिनी, तू काढ गं सगळ्यांचा, पण तुझा तो मळका फोटो नको, झगझगीत काढ. मी समोवारापाशी, चहाच्या बंबापाशी, बसले होते, ती जागा सोडून दारापर्यंत मागे आले आणि फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढला.

फोटोत मी समोवारापाशी बसलेली आहे. अखंड भुवईची. चहा ओतते आहे, आणि कडं मनगटावर घट्ट बसलं आहे.

फोन बटण दाबण्याआधीचे क्षणही साठवतो आणि जोडतो. मी जागेवर होते तो क्षण त्याने घेतला असणार. असंच असणार. फक्त एवढंच, की मी जागेवर होते तेव्हा फोन कारलिगाशच्या खिशात होता.

लगेच त्याच जागेवरून एक कच्चा काढला. त्यात समोवारापाशी कुणी नाही. पण गादीला खळगा पडलेला आहे, आणि त्यापुढच्या वाटीतून वाफ निघते आहे. ती वाटी मी भरली नव्हती.

बायकांना तो पहिला फोटो फार आवडला. एक म्हणाली, सून कशी उजळली बघा. हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोवाराकडे पाहत होती.

११ मार्च

ओलझासचा फोन आला, चित्राचा. तो भलतीकडेच बघत होता. माझ्या डोळ्यांत नव्हे, खांद्यापाशी. मी त्याला सांगत होते की आझे मला ओळखत नाहीत, मला भीती वाटते. तो मध्येच हसायचा, मान डोलवायचा, मी विचारलंच नाही त्याची उत्तरं द्यायचा. हो, आवडतं मला. हो, तसंच करू. शेवटी म्हणाला, कडं छान बसलंय हातात.

कडं मी चार दिवसांपूर्वी काढून पिठाच्या डब्यामागे पत्र्याच्या डबीत ठेवलं आहे. निसटून हरवू नये म्हणून.

डबी आत्ता उघडून पाहिली. रिकामी आहे.

१३ मार्च

फोन मला उघडेना. चेहरा जुळत नाही म्हणतो. खिडकीत नेला, पुसला, केस मागे घेतले. जुळत नाही. कारलिगाश आली, तिने फोन माझ्या शेजारी हवेत धरला आणि तो उघडला. म्हणाली, हा घे, उगाच काय घाबरतेस. कुणाला म्हणाली कोण जाणे. फोन तिने गादीवर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

गादीला खळगा होता.

संधी साधून मी उघड्या फोनवर माझा आणखी एक कच्चा फोटो काढला. उजेड तोच, जागा तीच. चेहऱ्याच्या जागी दाणे जास्त आहेत. पडदा आरपार दिसतो आहे, असं लिहिणार होते. तसं नाही. पडद्याची नक्षी दिसते आहे, एवढंच.

१४ मार्च

आज अपांनी मला चहा दिला. स्वतःच्या हाताने. वाटी काठोकाठ भरून.

मी ती प्यायले नाही. हातात धरून बसले, सांडू नये म्हणून. अपा वाईट नाहीत. त्या परक्या बाईशी बोलतात तशा गोड बोलल्या, तुमचं घर लांब आहे का म्हणून विचारलं.

१५ मार्च

स्टेशनवर गेले. वर्षाच्या आत सुनेने माहेरी जायचं नसतं, माहीत आहे मला. पण भरलेली वाटी दिल्यावर उठायचं असतं, तेही माहीत आहे.

तिकीट खिडकीवरच्या बाईने माझं नवं ओळखपत्र पाहिलं. मला पाहिलं. पुन्हा ओळखपत्र. म्हणाली, ज्यांचं आहे त्यांना पाठवा. मी म्हटलं, मीच ती, भुवई बघा, खाच. ती म्हणाली, तेच म्हणते मी, यात खाच नाही. मागचा माणूस म्हणाला, ताई, रांग थांबली. गाडी आली, उभी राहिली, गेली.

परत आले. दुसरीकडे कुठे जाणार. बर्फात माझ्या पावलांचे ठसे आहेत. ते मी मागे वळून पाहिले. आहेत.

१६ मार्च

शेजारणीच्या फोनवरून बाबांना लावला. तिने दिला, कोण तुम्ही असं न विचारता. माझा आवाज ऐकताच बाबा म्हणाले, तोरगिन, तुझ्या नणंदेने आठ मार्चचा फोटो पाठवला होता, ती कोण आहे गं समोवारापाशी? तुझे कपडे घालून?

मी तिथेच खाली बसले आणि रडले. बाबा म्हणाले, मी येतो. नौरूझला, नव्या वर्षाच्या सणाला, एकवीस तारखेला येतो. जुना कॅमेरा आणतो, फिल्मचा, त्याला कुणाची दया येत नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला ओळखाल ना? ते रागावले. म्हणाले, अंधारात, डोळे मिटून ओळखीन.

१८ मार्च

गवईबुवा आले होते. आझेंनीच बोलावलं. म्हणाले, चूक झाली आहे, ती दुरुस्त करू. सुनेचा चेहरा आझेंसमोर रीतसर उघडला पाहिजे. नौरूझला पुन्हा बेताशार.

म्हणजे सगळं नीट होणार. गवईबुवा दांडीने रुमाल वर करतील, आझे मला पाहतील, बाबा शेजारी असतील. तेवढंच झालं पाहिजे. एकदा कुणीतरी मला पाहिलं पाहिजे.

कारलिगाशने मला विचारलं, "ताई, तुम्ही कुणाकडच्या?" थट्टा करते आहे. ती नेहमीच करते.

१९ मार्च

शेवटचा कच्चा फोटो. फोन दोन मिनिटं उघडा सापडला.

फार सुंदर आला आहे. खिडकी. मऊ उजेड. पडद्याच्या चुण्या, जमिनीवरची गालिच्याची किनार, कुठेही काही जळलेलं नाही, घोटलेलं नाही.

खोली रिकामी आहे.

मी खिडकीला हात लावून उभी होते. काच गार होती. बोटांचा ठसा तर—

२० मार्च

मांस चिरताना मी मदत केली. कुणी नको म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही.

कोपऱ्यात कडं वाजतं. भांड्यावर चांदी वाजते तसं. मी तिकडे बघत नाही. अपा तिकडे बघून हसतात. आज त्यांनी हाक मारली, तोरगिन. मी हो म्हटलं. आणि कोपऱ्यातूनही—

आवाज माझाच आहे. दम्याचा खोकला नसलेला.

२१ मार्च, सकाळ

बाबा येताहेत. गाडी वेळेवर आहे.

आझेंनी मला हाताला धरून कोठारात आणलं. पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावला. माझ्या डोक्यावरून रुमाल सोडला, कडा नीट केल्या, गालावरून हात फिरवला. इतक्या मायेने. मग म्हणाल्या, "तूही बस. कुणी उचलला तर बघू."

बसले आहे. वही मांडीवर आहे. बोलायचं नाही. स्वतः उचलायचा नाही.

रुमालातून उजेड छान येतो. गाळलेला. बाबांना आवडला असता.

थोड्या वेळाने

डोंब्रा सुरू झाला. इथे नाही. बैठकीच्या खोलीत.

नाव गायलं आझेंचं. मी वाकले. मग अपांचं. वाकले. तिकडे कुणीतरी वाकताना कडं वाजतं. दर वेळी. माझ्याबरोबर. माझ्या थोडं आधी.

बाबांचं नाव. बाबा आलेत. त्यांचा खोकला ओळखला मी. बाबा, मी इथे—

बोलायचं नाही.

डोंब्रा थांबला. रुमाल वर गेला असणार. तिकडचा.

बाबा पुढे आले असणार. बराच वेळ. बघताहेत. बघा, बाबा. नीट बघा. भुवई.

बाबा म्हणाले—

ऐकू आलं. स्पष्ट आलं. ते म्हणाले, "अगं, खाच भरून आली की तुझी." आणि हुंदका. आनंदाचा.

ताटात भेट पडल्याचा आवाज. जड. कॅमेरा असावा.

सगळे हसताहेत. वाट्या मांडताहेत. कोठाराकडे कुणी—

येतंय. पावलं नाहीत, फक्त चांदी.

दार.

मी हलत नाही. कुणी उचलला तर मला दिसेल, कुणाला तरी मी दिसेन, म्हणून मी हलत नाही—

रुमालाच्या खालून हात आत आला आहे. कडं घट्ट बसलं आहे मनगटात. हातात फोन आहे. माझ्याच आवाजात ती म्हणते आहे, हलू नकोस, एक